दादाजींच्या राहिलेल्या पाळ्या

नागपूर,
शनिवार, संध्याकाळ

आदरणीय मनोहरराव यांना धाकटा साडू देवराव याचा सविनय नमस्कार.

आपली प्रकृती, सुभद्राताईंचा गुडघा आणि अंगणातली लिंबोणी या तिन्हींचे क्षेम असावे, अशी आशा करतो. विशेषतः आपले उजवे मनगट कसे आहे ते अवश्य कळवावे. (डाव्याचेही कळवल्यास हरकत नाही, परंतु उजव्याची माहिती अधिक निकडीची आहे. कारण ओघाने येईलच.) कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत फिटर म्हणून आपण उभा जन्म पाने फिरवलेत. आमच्या भूमिकाच्या लग्नात भरलेला गॅस सिलिंडर आपण एका हाताने जिना चढवलात, तेव्हा आचारी झारा खाली ठेवून पाहत राहिला होता. ते मनगट अजून तसेच असेल, या विश्वासावर हे पत्र उभे आहे.

हे सारे फोनवर का सांगत नाही, असे आपण विचाराल. मी फोनवर एखादी गोष्ट मुळापासून समजावू लागलो की आपण 'हो का, हो का' म्हणत फोन सुभद्राताईंकडे देता आणि त्या तो कुकरशेजारी ठेवतात, हे मला शिट्ट्यांवरून कळते. म्हणून पत्र. उद्या सकाळी कामिनी बहिणीसाठी लोणच्याच्या कैऱ्या घेऊन आपल्याकडे येतच आहे, तिच्या हाती देतो.

आपण जाणताच, तंत्रनिकेतनात मी तरफ, टेकू आणि बळ शिकवण्यात आयुष्य घालवले. निवृत्त माणसाला पगाराची नव्हे, तर समजावून सांगायला समोर कोणी नसल्याची उणीव भासते. मध्यंतरी कामिनी पोळ्या लाटत असताना लाटण्याचा अक्ष कोठून जातो ते मी तिला सांगत होतो. तिने शांतपणे लाटणेच माझ्या हाती दिले आणि बाहेर जाऊन मालिका पाहू लागली. अशा अवस्थेत मला भाजीबाजाराच्या भिंतीवर एक फलक दिसला. एका बंद पडलेल्या गिरणीच्या जुन्या कामगार सभागृहात, दर रविवारी सकाळी, सांधे अडकवण्याच्या विद्येचे शिबिर. वयाची अट नाही. मी त्याच दिवशी नाव दिले.

ही विद्या म्हणजे मारामारी नव्हे, हे प्रथम स्पष्ट करतो. माणसाचा हात म्हणजे खांदा, कोपर आणि मनगट अशा तीन बिजागऱ्यांवर टांगलेला दरवाजा होय. बिजागरी ज्या दिशेला उघडत नाही, त्या दिशेला दरवाजा किंचित नेला की बलदंड मनुष्यही टाचा उचलून आपण म्हणाल तिकडे चालू लागतो. यात तीन पायऱ्या आहेत. पहिली, ढील काढणे. संक्रांतीला आपण मांजाची ढील गोळा करता ना, तशीच समोरच्याच्या मनगटातला, मग कोपरातला सैलपणा हलकेच गोळा करायचा. दुसरी, त्याचा हात आपल्या पोटाजवळ आणायचा, कारण लांब धरलेला हात म्हणजे फुकट घालवलेली तरफ. तिसरी, थांबणे. होय, थांबणे! नवशिके येथेच चुकतात. अडकल्यावर पुढे ढकलायचे नसते, फक्त तेथेच राहायचे असते. (शिबिराचे पुष्कर सर वयाने माझ्या विद्यार्थ्यांहून लहान आहेत, पण 'थांबणे' हा शब्द त्यांनी असा काही उच्चारला की माझ्या डोळ्यांत पाणी आले. इतकी वर्षे गतीचे नियम शिकवून हा एक मी शिकवलाच नव्हता.)

याखेरीज तीन रिवाज आहेत, आणि पुढचा सारा प्रकार त्यांच्यावरच अवलंबून असल्याने कृपया हा परिच्छेद दोनदा वाचावा. पहिला रिवाज थापेचा. दुखू लागताच मोकळ्या हाताने गादीवर दोन थापा मारायच्या, आणि थाप ऐकताच दुसऱ्याने तत्क्षणी सोडायचे. अनोळखी माणसाच्या हाती आपला सांधा देता येतो तो या दोन थापांच्या भरवशावर. दुसरा रिवाज पाळीचा. थोडा वेळ मी आपल्यावर प्रयोग करणार, मग तितकाच वेळ आपण माझ्यावर. पाळी बुडवणे हा सर्वांत मोठा असभ्यपणा होय. तिसरा रिवाज नमस्काराचा. सरावाच्या आरंभी सर 'नमस्कार' अशी हाक देतात, जोडीदार समोरासमोर हात जोडतात, आणि मगच एकमेकांना धरतात. शेवटी पुन्हा तीच हाक, पुन्हा दोन्ही हात जोडणे, आणि त्यानंतर कोणी कोणाला धरायचे नाही.

पहिल्या रविवारी जोड्या लागल्या तेव्हा आमची संख्या विषम निघाली आणि मी उरलो. (वय. दुसरे काय? कोणालाही आपल्या हातून एखाद्या काकांचे मनगट मोडलेले नको असते.) पुष्कर सर म्हणाले, तो पलीकडचा खांब घ्या काका, सुरुवातीला खांबावर पकड छान बसते. सभागृहाच्या टोकाला, जेथे रबरी गाद्या संपतात, तेथे एक लोखंडी खांब आहे. खांबापाशी एक वृद्ध गृहस्थ उकिडवे बसले होते. अंगात बंडी, गुडघ्यापर्यंत धोतर. मला पाहून ते उठले.

"ये गा मास्तर," म्हणाले, "खांबाले काहून धरतं? मी हावो न."

मी मास्तर आहे हे त्यांना कसे कळले, असा प्रश्न एखाद्याला पडला असता. मला पडला नाही. मास्तर दिसतोच मी. नाव विचारले तर 'दादाजी म्हण' एवढेच म्हणाले. आम्ही हात जोडले, आणि त्यांनी आपला उजवा हात माझ्या स्वाधीन केला. मनोहरराव, तो हात गार होता. आपण म्हणाल, तेव्हाच तुम्ही सावध व्हायला हवे होते. परंतु आपण नागपुरात राहत नाही, आणि राहत असतात तर मे महिन्यात, पंखे नुसतीच ऊन हवा फिरवत असताना, माठाच्या पोटासारखा गार हात धरायला मिळाल्यावर आपणही चौकशी करत बसला नसतात. बाकीच्या जोड्या घामाने निसटत होत्या. माझी पकड मात्र पहिल्या दिवसापासून उत्तम बसली.

दादाजींइतका सोशिक जोडीदार कोणाला लाभला नसेल. माझी पाळी संपली की मी रीतीप्रमाणे हात पुढे करी, आणि ते मान हलवत. "तुले शिकाचं हाय न? मंग तूच कर. माही पाळी शेवटी." मला ते औदार्य वाटले. मी केले. ढील काढली, पोटाजवळ आणले, थांबलो. त्यांनी थाप मारली नाही. मी विनयाने विचारले, लागते का? "अजून जाते गा. फिरव." मी फिरवले. माणसाचे मनगट कोठवर फिरते याचे मला पुस्तकी ज्ञान आहे. दादाजींचे त्या मर्यादेपाशी आले, किंचित कुरकुरले (आपल्याकडच्या हातपंपाचा दांडा वर जाताना कुरकुरतो तसे), आणि पुढे गेले. अजून, ते म्हणाले. मी पुढे नेले. एका क्षणी त्यांचा तळवा, ज्या दिशेला कोणताही तळवा असू नये, त्या दिशेने माझ्याकडे पाहत होता आणि दादाजी पलीकडे तोंड करून जांभई देत होते. आपली पद्धत किती अचूक बसली आहे, या आनंदात मी घरी आलो.

आनंदात आणखी काही रविवार गेले. एक गोष्ट कामिनीने मात्र टिपली. माझ्या पांढऱ्या गणवेशाच्या बाह्या लाल मातीने माखलेल्या असत. "तुम्ही शिकाले जाता का बटाटे खणाले जाता जी?" असे ती धुण्याच्या दगडावरून विचारी. सभागृहात फरशी आहे, फरशीवर रबर आहे, माती कोठून येणार, असे मी तिला सप्रमाण पटवून दिले. तिने बाही पिळली आणि लाल पाणी माझ्या पायांवर सोडले. हा प्रतिवाद बिनतोड होता.

आता मागच्या रविवारी येतो. पाणी प्यायला सारे थांबले असता मिनल नावाची मुलगी, जी पोलीस भरतीची तयारी करते आणि जिची पकड आम्हा सर्वांत चांगली आहे, माझ्याजवळ आली. म्हणाली, "काका, तुम्ही त्या खांबाले दर वेळी 'फार लागलं तर नाही न, धन्यवाद' म्हणता न, ते मले लय क्यूट वाटते." मी हसलो. मग हसणे थांबवून विचारले, कोणत्या खांबाला? "अरे, तोच न, ज्याच्यावर तुम्ही प्रॅक्टिस करून राहिले इतके दिवस. पुष्कर सर तर आम्हाले तुमचं उदाहरण देतात. म्हणतात, बिना पार्टनरचा आदमी, पण पाहा कसा मन लावून करते."

मी घाबरलो नाही. शास्त्राचा मनुष्य प्रथम पडताळा घेतो. पेला तसाच हातात धरून मी खांबाजवळ गेलो. खांब लोखंडी, म्हणून गार. गंजलेला, म्हणून लाल. सगळे जुळत होते, आणि आपण कित्येक रविवार एका खांबाची विचारपूस करत होतो एवढ्या लाजेवर हा विषय संपेल अशी मला आशा वाटू लागली. मग पेला खाली ठेवून मी खांबाला हात घातला. मनोहरराव, तो माझ्या दोन्ही पंज्यांत मिळूनही मावला नाही, आणि दर रविवारी धरलेले मनगट तर एका पंज्यात मावत असे. आणि खालच्या बाजूला, गादीची कड जरा उचललेली होती तेथे, फरशी नव्हतीच. भुसभुशीत लाल माती होती, कुस्तीच्या आखाड्यात असते तशी. गिरणीच्या दिवसांत कामगारांची तालीम तेथेच असावी. खांबाच्या पलीकडून आवाज आला, "पाहून झालं?"

दादाजी नेहमीप्रमाणे उकिडवे बसले होते. इतक्यात सराव पुन्हा सुरू करायला सरांची 'नमस्कार' अशी हाक झाली, आणि इतक्या दिवसांच्या सवयीने, विचार करण्याआधीच, मी हात जोडले. (सवयीचे बळ या विषयावर मी पूर्वी दोन तास व्याख्यान देत असे.) दादाजींनीही जोडले. मग म्हणाले, "आता माही पाळी."

त्यांची पद्धत निर्दोष होती, हे मान्य करायलाच हवे. ढील कधी निघाली ते मला कळलेच नाही. हात पोटाजवळ गेला. बोटांपासून खांद्यापर्यंत एक बारीक गार तार ताणली गेली आणि माझ्या टाचा आपोआप उचलल्या, पाठोपाठ गुडघे गादीवर टेकले. मी गादीवर दोन थापा मारल्या. काही झाले नाही. पुन्हा दोन मारल्या, मग मांडीवर मारल्या, मग जेथे हात पोचेल तेथे मारू लागलो. सभागृहाच्या दुसऱ्या टोकाहून पुष्कर सर आनंदाने ओरडले, "शाब्बास काका! सब लोग देखो, थाप अशी आवाज करून द्यायची!" आणि सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

मी दादाजींना म्हणालो, थाप दिली की सोडायचे असते.

"थाप? आमच्या वक्ताले नव्हती असं काही."

मग दुखल्यावर काय करत होता?

"दुखते म्हणून तं धरते न गा," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, अगदी मी मंद विद्यार्थ्यांशी बोलत असे तसे.

मग सोडत कधी होता, असे मी विचारले. त्यावर ते खरोखर विचारात पडले. ज्याच्या विचाराची कधी वेळच आली नाही अशा प्रश्नावर माणूस पडतो, तसे. तेवढ्यात सरांनी शेवटचा 'नमस्कार' पुकारला. दादाजींची बोटे एकेक करून उघडली, आम्ही हात जोडले, आणि ते म्हणाले, "ही एक झाली. तुह्या किती झाल्या ते मी ध्यानात ठेवलं हाय. बाकीच्या पुढच्या रविवारी. नाही आला तं मी येतो."

घरी येऊन मी या घटनेचा सर्व बाजूंनी विचार केला. उष्माघात, वय, रिकामा मेंदू, या शक्यता मी क्रमाने तपासल्या आणि प्रत्येकीला योग्य ते गुण दिले. परंतु माझ्या उजव्या मनगटावर निळसर खुणा उमटल्या आहेत. चार बोटांच्या, आणि त्यांच्यासमोर पाचवी. खांबाला अंगठा नसतो.

तेव्हा आता मूळ मुद्दा. ही अडचण भुताखेताची न मानता गणिताची मानावी, अशी विनंती आहे. संख्या विषम असते म्हणून मी उरतो, मी उरतो म्हणून खांबाजवळ जातो. उद्या मी जाणारच नाही, कंबरेचे निमित्त सरांना कळवले आहे. पण त्यापुढच्या रविवारी आपण आलात, तर संख्या सम होईल, आपण माझे जोडीदार व्हाल आणि खांबाजवळ कोणी उरणार नाही. प्रश्न सुटला! आपल्यालाही एक अत्यंत सुंदर विद्या शिकायला मिळेल, आणि मला समजावून सांगायला मनुष्य मिळेल. उजव्या हाताने मी लिहितो, जेवतो, फळ्यावर वर्तुळ काढतो. या वयात तो गमावणे मला परवडणारे नाही, हे आपण जाणताच.

सुभद्राताईंना नमस्कार आणि लिंबोणीला पाणी सांगावे.

आपला,
देवराव

ता. क. येताना अंगठी आणि घड्याळ घरी ठेवावे, नखे कापावीत. आदल्या रात्री सावजी मटण वर्ज्य.

ता. क. २. वरील मजकूर पुन्हा वाचला आणि एक वाक्य गाळल्याचे लक्षात आले. दादाजी निघताना मी त्यांना विचारले होते की, या राहिलेल्या पाळ्या दुसऱ्या कोणावर घेतल्या तर चालतील का? ते म्हणाले, "चालते न. जो माह्यासमोर जोडीत उभा राहीन त्याच्यावर. घरचा असला तरी चालते. मनगट मात्र मजबूत पाहिजे." पत्राच्या आरंभी मी आपल्या मनगटाची चौकशी का केली, ते आता आपल्याला कळले असेल. संख्या सम करण्याचे गणित खरे आहे, पण ते मी नंतर जुळवले. मला हे लिहिताना फार लाज वाटते आहे. आपण येऊ नये.

ता. क. ३. रविवार, सकाळ. अक्षर वाकडे आल्याबद्दल क्षमस्व, हे डाव्या हाताने लिहितो आहे. मी शिबिराला गेलो नाही, म्हणून ते आले. चहा घेऊन टेबलाशी बसलो तर शेजारच्या खुर्चीखालची फरशी लाल झालेली दिसली. मी म्हणालो, घरी पाळी घेता येत नाही, सुरुवातीचा नमस्कार झालेला नाही. त्यांनी या पत्राच्या पहिल्या ओळीतल्या 'सविनय नमस्कार' या शब्दांवर बोट ठेवले. "वरती लिवला न तू." तेव्हापासून माझे उजवे मनगट त्यांच्या हातात आहे. अद्याप दुखत नाही, फक्त ढील काढून झाली आहे. शेवटचा नमस्कार झाल्याशिवाय ते सोडणार नाहीत. तो कागदावर चालत नाही, असे ते म्हणतात, आणि दोन्ही हात जोडायला माझा एक हात मोकळा नाही. आता हाक तिसऱ्यानेच द्यायला हवी, पुष्कर सर देतात तशी. मी कामिनीला म्हटले, एकदा मोठ्याने नमस्कार म्हण. ती म्हणाली, "आता या वयात मी तुमच्या पाया पडू का जी? काय अंगात आलं सकाळी सकाळी?" आणि कैऱ्यांची पिशवी बांधायला गेली. तिला खुर्ची रिकामी दिसते. तर खरी विनंती एवढीच: आपण येऊ नका. हे वाचताच मला फोन करावा, फोन डावीकडे ठेवला आहे, आणि मी उचलला की 'हॅलो' न म्हणता खणखणीत आवाजात 'नमस्कार' म्हणावे. कृपा करून फोन या वेळी सुभद्राताईंकडे देऊ नका. कामिनी दारात चपला घालते आहे.

ता. क. ४. मनोहरभाऊ, मास्तर भेले हायेत, म्हून 'येऊ नका' लिवलं त्याहीनं. तुमी या जी. फोनगिन काही करू नका. मनगटाचं वाचलं मी, सिलिंडरचंही वाचलं. अक्षर पाहा, कसं सरळ आलं हाय. हे मास्तराच्या उजव्या हातानं हाय.